ब्रेडच्या नावावरून त्याचा आकार कसा ओळखायचा

ब्रेड करायला शिकताना रेसिपी कळते, मापं कळतात, ओव्हनचं तापमान कळतं, पण नावांपाशी गाडी अडते. बूल, बातार, एपी, फुगास, चाबाता, कोलाच, किप्फर्ल... हे सगळं पाठ करायला बसलात तर आठवड्याभरात विसराल. पाठ करूच नका. यातली बरीचशी नावं त्या त्या भाषेतल्या अगदी साध्या घरगुती वस्तूंची आहेत, काठी, दोरी, चप्पल, वेणी, चाक, शिंग, कणीस. कुणीतरी कणकेला तसा आकार दिला, बघणाऱ्यांनी त्या वस्तूचं नाव घेतलं आणि तेच नाव चिकटलं. त्यामुळे अर्थ समजला की हाताने काय करायचंय तेही बहुतेक वेळा समजतं, आणि म्हणूनच मला हा नावांचा अभ्यास नुसत्या हौसेचा वाटत नाही, तो सरळ ओट्यावर कामाला येतो.

तर नाव उलगडायचं कसं ते सांगते.

आधी नावाची शेपटी कापा

आपण ताटाची ताटली करतो, डब्याची डबी करतो, तसं युरोपातल्या भाषांमध्ये शब्दाला शेपटी लावून "छोटासा" असा अर्थ आणतात. फ्रेंचमध्ये एत, इटालियनमध्ये एत्ता किंवा एत्तो, स्पॅनिशमध्ये इयो, ऑस्ट्रियाकडच्या जर्मनमध्ये एर्ल, आणि फारसीत अक. ब्रेडच्या नावाशेवटी यातलं काही दिसलं की ते बाजूला काढा, मागे वस्तू उरते.

इटलीतला रोझेत्ता घ्या. एत्ता काढलं की उरतो गुलाब, म्हणजे छोटा गुलाब, आणि खरंच त्या पावावर मध्ये एक गोल टिकली नि भोवती पाकळ्या असतात. कोर्नेत्तो म्हणजे छोटं शिंग. मेक्सिकोतल्या बोलियोचं स्पॅनिश मूळ बघितलं तर बोलियो म्हणजे लेस विणताना दोरा गुंडाळायची छोटी लाकडी कांडी. तो पावही मधे फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळता असतो, कांडी डोळ्यासमोर आणली की पाव कसा वळायचा ते वेगळं सांगावं लागत नाही. इराणमधला संगक यातून अक काढलं की उरतं संग, म्हणजे दगड, आपल्या संगमरवर शब्दात बसलाय तोच संग. हा ब्रेड तापलेल्या बारीक खड्यांवर भाजतात आणि त्याच्या पाठीवर खड्यांचे खळगे उमटतात. म्हणजे इथे नाव आकाराचं नाहीये, ब्रेड कशावर भाजला त्याचं आहे, हा फरक पुढे लागणार आहे तेव्हा लक्षात ठेवा.

काठीचं घराणं

आता बगेट. शेपटी एत. मूळ लॅटिन शब्द बाकुलुम, म्हणजे काठी किंवा दंड, त्यावरून इटालियनमध्ये बाक्यो आणि मग बाकेत्ता, आणि तिथून फ्रेंचमध्ये बगेट. फ्रेंच माणूस हाच शब्द जादूगाराच्या छडीला वापरतो, वाद्यवृंद चालवणाऱ्याच्या हातातल्या छडीला वापरतो, आणि चिनी जेवणातल्या काड्यांनाही. याच बाकुलुमला लहान केलं की लॅटिनमध्ये बॅसिलस होतं, शाळेत जीवशास्त्रात दांडीसारख्या जिवाणूंना म्हणतात तेच! बगेट आणि बॅसिलस एका घरातले आहेत हे कळल्यावर मला ते नाव कधीच विसरता आलं नाही.

शब्द जुना असला तरी ब्रेडला हे नाव चिकटलं ते बऱ्यापैकी अलीकडे. ऑगस्ट १९२०मध्ये, पॅरिस ज्या सेन विभागात येत होतं, तिथल्या प्रशासनाने नियम काढला की बगेट किमान ८० ग्रॅमची असावी, लांबी जास्तीत जास्त ४० सेंटीमीटर, आणि किंमत नगाला ०.३५ फ्रँकच्या वर जाऊ नये. आज आपण जिला बगेट म्हणतो ती साधारण २५० ग्रॅमची आणि ६० सेंटीमीटरच्या आसपास असते, म्हणजे नाव तेच राहिलं पण वस्तू वाढत गेली. २०२२मध्ये युनेस्कोने बगेट करण्याच्या कारागिरीला मानवजातीच्या अमूर्त वारशात जागा दिली.

काठीला नातेवाईक आहेत. फिसेल म्हणजे दोरी, ती बगेटपेक्षा बारीक. फ्ल्यूत म्हणजे बासरी. या दोन्हींबद्दल फार सांगण्यासारखं नाही, नाव ऐकलंत की आकार कळतो, बास. पण एपी मात्र थांबून बघण्यासारखा आहे.

एपी म्हणजे गव्हाची ओंबी, लॅटिन स्पिकावरून. एपी वळायचा नसतो, तो कापायचा असतो, आणि हे नावाशिवाय लक्षात येत नाही. आधी नेहमीसारखी बारीक बगेट वळून घ्या, फुगू द्या, आणि मग ट्रेवरच्या बेकिंग पेपरवर ठेवल्यावरच कापायला घ्या, कारण कापल्यावर ती उचलता येत नाही. कात्री जवळजवळ आडवी धरायची, कणकेशी साधारण ३० ते ४५ अंशात, आणि एकाच झटक्यात खोल काप द्यायचा, तळाशी थोडीशीच कणीक जोडलेली राहील इतका खोल. काप दिला की सुटलेलं टोक लगेच डावीकडे वळवा. पाच-सहा सेंटीमीटर पुढे दुसरा काप, त्याचं टोक उजवीकडे. असं करत शेवटपर्यंत जा. घाबरून उथळ कापलंत तर भाजताना टोकं परत एकमेकांना चिकटतात आणि ओंबीऐवजी नुसती खवल्याखवल्यांची काठी मिळते, नवशिक्यांचं इथेच बिघडतं. ओंबीतले दाणे कसे एकाआड एक दोन्ही बाजूंना, वर टोक काढून बसलेले असतात ते एकदा फोटोत नीट बघा, मग कात्रीचा कोन हाताला आपोआप सापडतो.

गोळा, आणि मधलंच काहीतरी

बूल म्हणजे चेंडू, गोळा. लॅटिन बुल्ला, म्हणजे बुडबुडा किंवा गोल फुगवटा, तिथून आलेला. आपल्याकडे कणकेचा उंडा म्हणतात तोच आकार, फक्त मोठा आणि पृष्ठभाग ताणून घट्ट केलेला. नावातला बुडबुडा इथे खरंच उपयोगी आहे, कारण बूल वळताना नेमकं तेच साधायचं असतं, कडा आत दुमडत न्यायच्या आणि मग उंडा ओट्यावर स्वतःकडे ओढत फिरवायचा, म्हणजे वरची कातडी फुग्यासारखी ताणली जाते. कातडी सैल राहिली तर ओव्हनमध्ये बूल पसरून भाकरीसारखा बसतो.

इथे एक सापळा आहे. फ्रेंचमध्ये बेकरला बुलांजे म्हणतात आणि बहुतेक जण सांगतात की बूलवरून बुलांजे. ऐकायला एकदम पटतं. पण बुलांजे आलाय उत्तर फ्रान्समधल्या जुन्या बुलंक या शब्दावरून, आणि त्याच्या मुळाशी डचकडचा बोल्ल शब्द आहे, अर्थ गोल पाव. अर्थ जवळजवळ तोच, पण घराणं वेगळं, एक लॅटिन आणि एक जर्मनिक. दोन शब्द सारखे दिसले आणि अर्थही जुळला तरी ते सख्खे असतीलच असं नाही, हे या जोडीवरून शिकावं.

बातार म्हणजे शब्दशः अनौरस. ऐकायला वाईट वाटतं, पण फ्रेंचमध्ये दोन जातींच्या मधल्या कुठल्याही गोष्टीला हा शब्द लावतात, आणि हा ब्रेड खरंच मधला आहे, बगेटइतका लांब नाही आणि बूलसारखा गोलही नाही, लांबट अंडाकृती. म्हणजे काही नावं वस्तू दाखवत नाहीत, ती दुसऱ्या दोन ब्रेडच्या मधली जागा दाखवतात. बातार समजायचा तर आधी काठी आणि गोळा माहीत पाहिजेत.

मिश हा मोठा, गोल, जड ब्रेड. नाव ऐकून वाटेल याचा अर्थ मोठा वगैरे असेल, पण निघतो बरोब्बर उलटा! मूळ लॅटिन मिका, म्हणजे कण, चुरा. त्याच मिकावरून फ्रेंचमध्ये मी, म्हणजे ब्रेडचा आतला मऊ गाभा, आणि पें द मी म्हणजे गाभ्याचा ब्रेड, ज्याला कवच नावापुरतंच असतं. मिलानचा मिकेत्ता पाव याच घरातला. आणि अभ्रकाला इंग्रजीत माइका म्हणतात तेही इथलंच. कणापासून सुरू झालेला शब्द दोन किलोच्या ब्रेडवर जाऊन बसला, म्हणून मूळ अर्थ सापडला तरी तो आजच्या वस्तूशी ताडून बघायचाच.

आकाराचं नाव कळलं की भाजण्याचाही अंदाज येतो. गोळ्याला वजनाच्या मानाने पृष्ठभाग कमी, म्हणून कवच कमी, आतला ओलावा टिकतो, ब्रेड काही दिवस चांगला राहतो. काठीला पृष्ठभाग भरपूर, म्हणून कवच जास्त, भाजायला २०-२५ मिनिटं पुरतात पण संध्याकाळपर्यंत ती कडक होते. किलोभराच्या बूलला पाऊण तास तरी द्यायला लागतो.

हात, कडी, चाक, वेणी

प्रेट्झेलचं जर्मन नाव ब्रेट्सेल. त्याच्या मुळाशी लॅटिन ब्राकियुम, म्हणजे हात, बाहू. डॉक्टर दंडातल्या रक्तवाहिनीला ब्रॅकियल म्हणतात आणि हातातल्या कड्याला ब्रेसलेट म्हणतात तेही यावरूनच. प्रेट्झेल म्हणजे छातीवर दुमडलेले दोन हात. दक्षिण जर्मनीत श्वाबियाकडे तर आजही त्याच्या भागांना हात आणि पोट म्हणतात, खालचा जाड भाग पोट आणि वरची बारीक गाठ मारलेली टोकं म्हणजे हात. करताना हेच डोक्यात ठेवा. कणकेची वळी मधे जाड ठेवायची आणि दोन्ही टोकांकडे लाटत लाटत बारीक करत न्यायची. मग इंग्रजी यू सारखी मांडायची, टोकं एकमेकांवरून दोनदा फिरवायची, आणि खाली आणून पोटाच्या दोन बाजूंना दाबून चिकटवायची. वळी सगळीकडे सारखी जाड ठेवली तर आकार दिसायला ठीक येतो पण खाताना मजा जाते, कारण पोट मऊ आणि हात कुरकुरीत हा फरकच त्यातली खरी गंमत आहे.

बेगल यिडिश भाषेतून आला, म्हणजे मध्य आणि पूर्व युरोपातल्या ज्यू लोकांच्या बोलीतून. मूळ मध्ययुगीन जर्मनमध्ये, अर्थ कडं, बांगडी, आणि त्याच्याही मागे वाकवणे हे क्रियापद. म्हणजे बेगल म्हणजे वाकवून जोडलेली कडी. आता बरेच जण उंड्याला बोटाने भोक पाडून बेगल करतात, तेही चालतं, पण नाव जुनी पद्धत सांगतं, वळी करायची, हाताच्या चार बोटांभोवती गुंडाळायची, आणि जोड तळहाताखाली लाटून पक्का करायचा. अशा बेगलला चावताना जास्त ताण लागतो, मला तोच आवडतो.

रशिया, युक्रेन, झेक प्रदेश, सर्बिया, सगळीकडे कोलाच किंवा कलाच नावाचे ब्रेड आणि गोड पदार्थ भेटतात आणि एकाचा दुसऱ्याशी मेळ लागत नाही, कुठे पिळाची गोल कडी, कुठे मधे गोड सारण भरलेली चकती. नाव मात्र एकच, कोलो, म्हणजे चाक किंवा वर्तुळ. अशा वेळी सगळ्यांत समान काय आहे ते शोधायचं, गोलपणा.

स्वित्झर्लंडचा त्सोप्फ म्हणजे वेणी, आणि तो वेणीच असतो, यात शोधण्यासारखं काही नाही. पण ज्यू लोकांच्या शब्बाथचा, म्हणजे आठवड्याच्या पवित्र सुट्टीच्या दिवसाचा, हाला बहुतेक वेळा वेणीसारखा असतो म्हणून हाला म्हणजे वेणी असं समजू नका. बायबलच्या गणना या ग्रंथात, १५व्या अध्यायात, कणकेचा जो पहिला भाग देवासाठी काढून ठेवायला सांगितलाय त्याला हा शब्द आहे. वेणी घालायची पद्धत मध्य युरोपातल्या ज्यू घरांमध्ये रुळली आणि तिथून पसरली. आकार एक सांगतो आणि नाव भलतंच, असं इथे झालंय.

चप्पल

चाबाता म्हणजे इटालियनमध्ये घरात घालायची जुनी, पसरट झालेली चप्पल. हा ब्रेड प्राचीन वाटतो पण त्याची जन्मतारीख चक्क माहीत आहे, १९८२, गाव आद्रिया, इटलीच्या ईशान्येला व्हेनेतो भागात, आणि करणारा आर्नाल्दो काव्हाल्लारी, जो पिठाची गिरणी चालवायचा आणि त्याआधी मोटार रॅलीत नाव कमावलेला ड्रायव्हर होता. फ्रेंच बगेट इटलीत खपत होती, तिला इटालियन उत्तर हवं म्हणून त्याने बरेच प्रयोग करून हा ओलसर कणकेचा ब्रेड बसवला.

शब्दाचे नातेवाईक बघा, स्पॅनिशमध्ये झापातो, पोर्तुगीजमध्ये सापातो, फ्रेंचमध्ये सावात, सगळे पायात घालायचेच. आणि जुन्या मराठी पुस्तकांत "पायात सपाता घालून" असं वाचलं असेल, तो सपाता पोर्तुगीज सापातोवरूनच आला. म्हणजे आजोबांच्या सपाता आणि ओव्हनमधला चाबाता लांबचे का होईना, भाऊबंद आहेत.

नाव हाताला काय सांगतं? की फार आकार देऊ नका. चाबाताच्या कणकेत पिठाच्या वजनाच्या ७५ ते ८५ टक्के पाणी असतं, ती वळता येतच नाही. भरपूर पीठ भुरभुरवून त्यावर कणीक ओतायची, खरवडणीने लांबट तुकडे करायचे, आणि दोन्ही हातांनी हलकेच उचलून थोडे ताणत ट्रेवर ठेवायचे. कडा वाकड्या येणार, मधे खळगा पडणार, येऊ द्या. चप्पल आहे ती.

गोष्ट छान असेल तर तारीख तपासा

आता सगळ्यात महत्त्वाचं. ब्रेडच्या नावांना लढायांच्या गोष्टी फार चिकटतात. क्रोसाँची गोष्ट तुम्ही ऐकली असेलच, १६८३मध्ये तुर्की फौजेने व्हिएन्नाला वेढा घातला, पहाटे उठलेल्या बेकरांना भुयार खणल्याचा आवाज आला, शहर वाचलं आणि त्या आनंदात तुर्की झेंड्यावरच्या चंद्रकोरीचा पाव केला. बेगलचीही गोष्ट आहे, आणि बघा, तीसुद्धा १६८३ची, तीच व्हिएन्नाची लढाई! पोलंडचा राजा यान सोबिएस्की मदतीला धावून आला, त्याच्या घोडेस्वारीच्या मानासाठी बेकराने रिकिबीच्या आकाराचा पाव केला म्हणे, कारण जर्मनमध्ये रिकिबीला ब्युगेल म्हणतात.

एकाच लढाईतून दोन वेगवेगळे पाव निघाले की तिथेच शंका यायला हवी. मग तारखा लावा. बेगलचा उल्लेख १६१०च्या क्राकूव शहरातल्या ज्यू समाजाच्या नियमांत आहे, बाळंतिणीला द्यायच्या भेटींमध्ये. लढाईच्या ७३ वर्षं आधी! म्हणजे गोष्ट पडली. क्रोसाँचा पूर्वज किप्फर्ल, तो ऑस्ट्रियात तेराव्या शतकापासून माहीत आहे. तीही गोष्ट पडली.

आणि खरी हकीकत काय ती बघा, मला तर ती जास्त आवडते. किप्फर्लची शेपटी एर्ल काढली की किप्फ उरतो. जुन्या जर्मनमध्ये हा बैलगाडीच्या बाजूला माल सांडू नये म्हणून उभा लावलेला लाकडी खुंटा, आपल्याकडे जसे लांबट खुंटे लावतात तसाच. म्हणजे मुळात चंद्र नव्हताच, गाडीचा खुंटा होता. १८३८-३९च्या सुमाराला आउगुस्त त्सांग नावाच्या ऑस्ट्रियन माणसाने पॅरिसच्या र्‍यू द रिशल्यू रस्त्यावर व्हिएन्ना पद्धतीची बेकरी काढली, तिथे हा वाकडा पाव लोकांनी बघितला, आणि फ्रेंच डोळ्यांना त्यात क्रोसाँ दिसला, म्हणजे चंद्रकोर. नेमकं सांगायचं तर वाढती कोर, कारण क्रोसाँ हे वाढणे या क्रियापदाचं रूप आहे, शुक्ल पक्षातली कोर म्हणा. त्याच आकारात इटालियनांना शिंग दिसलं म्हणून कोर्नेत्तो, जर्मनांनाही शिंगच म्हणून ह्यॉर्न्शन, अर्जेंटिनात अर्धा चंद्र म्हणून मेदियालूना. पीठ, लोणी, पापुद्रे प्रत्येक ठिकाणी वेगळे, पण वाकडेपणा सगळीकडे आहे.

बगेटबद्दलही असंच, नेपोलियनच्या सैनिकांच्या पँटच्या खिशात मावावा म्हणून लांब केला, किंवा १९१९च्या कायद्याने बेकरांना रात्री १० ते पहाटे ४ काम करायला बंदी आली म्हणून झटपट भाजणारा बारीक ब्रेड शोधला, असं सांगतात. तो कायदा खरा आहे, पण लांब काठीसारखे ब्रेड पॅरिसमध्ये एकोणिसाव्या शतकातच होते. प्रेट्झेलचीही एक साधूची गोष्ट फिरते, मुलांनी प्रार्थना पाठ केली म्हणून बक्षीस वगैरे, तिला जुना आधार नाही, मात्र हात दुमडल्याचा अर्थ भाषेतून सिद्ध होतो.

आकार नसलेली नावं

काही नावांत कितीही शोधलंत तरी आकार सापडणार नाही, आणि ती वेगळी काढता आली तर अर्धा गोंधळ संपतो.

चुलीवरून आलेली: लॅटिनमध्ये फोकुस म्हणजे चूल. चुलीत भाजलेला तो फोकाच्या, तोच फ्रान्समध्ये फुगास, स्पेनमध्ये ओगासा, बाल्कनमध्ये पोगाचा. खगोलशास्त्रज्ञ केप्लरने १६०४मध्ये भिंगाच्या ज्या बिंदूवर किरण एकवटून जाळतात त्याला हाच शब्द दिला, म्हणून आपला फोकस. फुगासला पानासारखे काप देतात पण पानाचा नावाशी संबंध नाही, एपीच्या उलट.

पिठावरून आलेली: जर्मन सेमल आणि तुर्की सिमित. एक छोटा पाव, एक तिळाची कडी, दिसायला काहीच सारखं नाही, पण दोन्ही नावं बारीक, उत्तम गव्हाच्या पिठाच्या एका फार जुन्या पश्चिम आशियाई शब्दाकडे जातात. सेमोलिना, म्हणजे रवा, तोही तिथलाच.

कृतीवरून: ब्रिऑश, नॉर्मंडीकडच्या बोलीतल्या मळणे-चेचणे या अर्थाच्या क्रियापदावरून. आणि खरंच त्याची कणीक लोणी जिरेपर्यंत दमेस्तोवर मळावी लागते. घटकावरून: स्पेनच्या मायोर्का बेटावरची एन्साइमादा गोगलगाईसारखी गुंडाळलेली असते पण नावातला साइम म्हणजे डुकराची चरबी. गोगलगाय हवी तर डेन्मार्कचा दालचिनी रोल बघा, त्याच्या नावात स्नायल म्हणजे गोगलगाय आहेच. साच्यावरून म्हणाल तर झाकणाच्या चौकोनी डब्यातला पुलमन ब्रेड, तो अमेरिकेतल्या पुलमन रेल्वे डब्यांवरून.

आणि काही नावांचा अर्थ फक्त "ब्रेड". नान म्हणजे ब्रेड. लॅटिन पानिसवरून पोर्तुगीज पाँव, त्यावरून आपला पाव आणि जपानचा पान. इंग्रजी लोफ हा शब्द आज आकार सांगतो, पण जुन्या इंग्रजीत ह्लाफ म्हणजे सरळ ब्रेडच. लॉर्ड म्हणजे ह्लाफ राखणारा, आणि लेडी म्हणजे ह्लाफ मळणारी! त्या मळणारीच्या शब्दातला दुसरा अर्धा भाग म्हणजे कणकेला इंग्रजीत जो डो म्हणतात त्याचाच सख्खा, आणि त्याचं मूळ खोल भारोपीय काळात, म्हणजे संस्कृत आणि युरोपातल्या बहुतेक भाषांच्या समान पूर्वज भाषेत, लिंपणे, मळणे, घडवणे या अर्थाचं. त्याच मुळापासून संस्कृतमध्ये देह आला, आणि लॅटिनमार्गे इंग्रजीत फिगर. म्हणजे कणीक, देह आणि आकृती हे तिन्ही शब्द कुणीतरी हाताने मऊ वस्तूला आकार देतंय या एकाच कृतीतून निघालेत. ब्रेडच्या आकारांच्या नावांच्या मागे लागण्यासाठी मला एवढं एक कारण पुरेसं वाटतं.

नवीन नाव भेटलं तर

घाई न करता हे करा. आधी कुठली भाषा ते शोधा आणि नाव त्या लिपीत किंवा मूळ स्पेलिंगमध्ये मिळवा, कारण देवनागरीत आणताना आपण सगळे वेगवेगळं लिहितो. मग फक्त तो शब्द इमेज सर्चमध्ये टाका, ब्रेड हा शब्द न जोडता. हे फार कामाचं आहे, आधी वस्तू समोर येते, मग ब्रेड. मग शब्दकोश. फ्रेंचसाठी त्रेझोर द ला लांग फ्रान्सेज हा मोठा कोश इंटरनेटवर फुकट आहे आणि त्यात प्रत्येक शब्दाची व्युत्पत्ती आणि पहिल्या नोंदीचं साल वेगळ्या परिच्छेदात दिलेलं असतं. जर्मनसाठी डीडब्ल्यूडीएस, इटालियनसाठी त्रेक्कानी. भाषा येत नसली तरी अडत नाही, पान मशीनने भाषांतर करून घ्या, साल आणि मूळ शब्द एवढंच बघायचंय.

साल बघताना एक काळजी घ्या, शब्दाचं साल आणि ब्रेडसाठी तो शब्द वापरल्याचं साल वेगळं असतं. काठी या अर्थाने बगेट शतकानुशतकं जुना आहे, ब्रेड म्हणून १९२०च्या आसपासचा. कोशात अर्थांना क्रमांक असतात, तुम्हाला खाण्याचा अर्थ ज्या क्रमांकावर आहे त्याचं साल हवंय. रेसिपीच्या पानांवरची व्युत्पत्ती शेवटी वाचा, आणि तिथे राजा, वेढा किंवा साधू दिसला की आधी कोशात परत जा.

सराव करायचा असेल तर इटलीच्या फेरारा शहरातला कोप्या घ्या. चार टोकांचा, मधे पिळून जोडलेला, विचित्र दिसणारा ब्रेड. शेपटी नाही. कोप्या म्हणजे जोडी, आपण कपल म्हणतो त्याचाच भाऊ. आता फोटो बघा आणि ओळखा की यात दोन तुकडे कुठले ते, मग कणीक घ्या, दोन पट्ट्या वेगवेगळ्या गुंडाळा आणि मधोमध एकमेकींत दाबून बसवा.